काळ्या दारूची काडतुसं कोकणातल्या पावसाळ्यात कशी ठेवायची?

बागायतदार_देवगड:
नमस्कार मंडळी. बाबांची शेतीसंरक्षणाची बाराबोर बंदूक गेल्या वर्षी रीतसर माझ्या नावावर झाली. सोबत काळ्या दारूची पितळी काडतुसं आहेत अठराएक, तोंडावर पुठ्ठ्याची चकती नि वर मेण. बाबा ती माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, आमच्याकडे जूनपासून चार महिने भिंतींना पाणी सुटतं, आता बघितलं तर चार काडतुसांच्या टोपीभोवती (बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी) हिरवट गंज आहे. कुठे नि कशी ठेवू? घरात लहान मुलं आहेत, त्याची जास्त काळजी वाटते.

जुना_परवाना:
दादा, काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ कोळसा, १० गंधक, कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ओल लागली की संपलं. माळा आधी सोडा, दुपारी कौलं तापतात रात्री गार होतात नि डब्यात आतून घाम येतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा तर नकोच, आग लागली तर आतला धूर कोंडून डबाच फुटतो. पातळ फळ्यांची लाकडी पेटी घ्या, आत प्लास्टिकच्या पिशवीत काडतुसं नि सिलिका जेलच्या पुड्या, मधल्या खोलीत जमिनीपासून वर, चूल, समई, इन्व्हर्टर यांच्यापासून लांब. कुलूप हवंच आणि बंदूक वेगळ्या कुलपात. गंज येऊ नये म्हणून तेल मात्र लावू नका, ते टोपीत झिरपतं.

शिवार_७२:
ती चार गंजलेली वापरू नका, घासू नका, घरी उघडू तर अजिबात नका. परवानाधारक डीलरला नाहीतर पोलीस ठाण्यात विचारून जमा करा. आमच्या काकांनी भिजलेली काडतुसं उन्हात वाळवली होती, पण एकदा ओल लागली की सोरा विरघळून वेगळा होतो, वाळवून दारू पहिल्यासारखी होत नाही. घोडा पडला, नुसतं टक् झालं, काका बंदूक मोडणार, म्हणजे काडतूस काढायला उघडणार, तेवढ्यात बार झाला. नळी बांधाकडे होती म्हणून निभावलं. असं झालं तर नळी तशीच धरून निदान मिनिटभर थांबा.

जुना_परवाना:
अजून एक, हल्लीची फॅक्टरीची काडतुसं बिनधुराच्या दारूची असतात, ती यात मिसळू नका, खोक्यावर तसं लिहून ठेवा. बाबांची बंदूक फार जुनी असेल तर त्यातून ही फॅक्टरीची काडतुसं उडवण्याआधी नळी गनस्मिथला दाखवा.

बागायतदार_देवगड:
मनापासून आभार. डबा आज दुपारीच खाली काढला, ती चार वेगळी ठेवलीत, सोमवारी ठाण्यात जातो.