विकत घेतलेले ई-पुस्तक नक्की कोणाचे?

जुनी पाने (चर्चाप्रस्ताव):
जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती वाचकांच्या किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणांवरून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे खरे आणि पैसेही परत मिळाले. पण दुकानदाराने त्याच कारणासाठी घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलून नेले असते, तर आपण ते चालवून घेतले असते का? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तके मात्र उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने उपकरणात घालण्याची सोयही अॅमेझॉनने काढून टाकली. मराठी प्रकाशकांनी तरी ईपब या खुल्या स्वरूपात, कुलूप (म्हणजे नक्कल करण्यास वा दुसऱ्या उपकरणावर वाचण्यास अडवणारी तांत्रिक व्यवस्था, डीआरएम) न लावता पुस्तके विकावीत, असे माझे मत आहे.

हिशेबनीस:
असहमत. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली, तेव्हा परदेशातल्या वाचकाचा टपालखर्च वाचला, हे आपण सोयीस्करपणे विसरता. आपल्याकडे आवृत्त्या लहान असतात. पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागली, की पुढची आवृत्ती काढायला प्रकाशक धजावत नाही.

जुनी पाने:
मी पाहिलेल्या अशा पीडीएफ छापील पुस्तके स्कॅन करून केलेल्या होत्या. त्यांना ई-पुस्तकाचे कुलूप कसे अडवणार? टॉर बुक्स या विज्ञानकथांच्या इंग्रजी प्रकाशनसंस्थेने २०१२ मध्ये कुलपे काढली आणि वर्षभराने, चोरीत जाणवण्याजोगी वाढ झाली नाही, असे स्वतःच सांगितले.

हिशेबनीस:
टॉरचा वाचक जगभर पसरलेला, इंग्रजी विज्ञानकथांचा. त्याचा दाखला इथे किती लागू पडणार?

अक्षरजुळणी:
आपण दोघेही स्वरूप आणि कुलूप यांची गल्लत करत आहात. ईपबलाही कुलूप लावता येते. ते खुले आहे ते एवढ्याच अर्थाने, की त्याची रचना जाहीर आहे आणि कोणीही त्याचे वाचक-अॅप बनवू शकतो. मराठीत खरी अडचण निराळीच आहे: युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरप्रणाली रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या अक्षरजुळणीच्या प्रणालींत जुळवलेली पुस्तके त्या त्या टंकांशिवाय (फॉन्टशिवाय) नीट उघडत नाहीत आणि त्यांतला मजकूर शोधताही येत नाही. म्हणजे वाचकाच्या आधी प्रकाशकच बंद स्वरूपात अडकलेला आहे, आणि यात अॅमेझॉनचा काहीच दोष नाही.

हिशेबनीस:
हे मान्य. पण युनिकोडमध्ये रूपांतर केल्यानंतर प्रत्येक जोडाक्षर पुन्हा तपासावे लागते. त्या मुद्रितशोधनाचा खर्च, तीनशे प्रती खपणाऱ्या पुस्तकासाठी, कोणी सोसायचा?