मेलोनींच्या पक्षचिन्हातली ज्योत: जुने वैचारिक नाते कितपत धरून बसावे?

मंगळवारपेठकर, कोल्हापूर (धागाकर्ता)

इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांच्याविषयी आपल्याकडे बोलणे निघते ते बहुधा आपल्या पंतप्रधानांबरोबरच्या सेल्फीपुरते. त्यांच्या पक्षाच्या चिन्हातल्या हिरव्या-पांढऱ्या-लाल ज्योतीकडे फारसे कोणी पाहत नाही. ही ज्योत ‘मोव्हिमेन्तो सोचाले इतालियानो’ या पक्षाची, जो मुसोलिनीच्या राजवटीतल्या मंडळींनी १९४६ मध्ये स्थापन केला. त्याचे दीर्घकाळचे नेते जॉर्जो अल्मिरान्ते हे १९३८ च्या वंशभेदी कायद्यांच्या काळात ‘ला दिफेसा देल्ला रात्सा’ या उघड ज्यूद्वेष्ट्या नियतकालिकाच्या संपादनात होते, आणि पुढे हिटलरच्या आधारावर उत्तर इटलीत टिकून राहिलेल्या मुसोलिनीच्या सालो येथील सरकारात प्रचाराचे काम पाहत होते.

मेलोनी १९९२ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, या पक्षाच्या युवक शाखेत गेल्या. मुसोलिनी हा चांगला राजकारणी होता, असे १९ व्या वर्षी त्या फ्रेंच दूरचित्रवाणीवर म्हणाल्या, ते मी सोडून देतो. त्या वयात माणूस काहीही बोलतो. परंतु २०२० मध्ये, ४३ व्या वर्षी, अल्मिरान्तेंच्या पुण्यतिथीला त्यांनी त्यांचा देशभक्त आणि थोर माणूस म्हणून गौरव केला, तो कसा सोडायचा? मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये तिबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, नामदेव जाधवांनी १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते ज्या आघाडीशी लढत होते, तिच्या बाजूला हे ‘थोर’ गृहस्थ होते. सैनिकी परंपरेच्या आपल्या जिल्ह्यात यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नसावी.

शाहूपुरीकर

आपण कुंडली मांडली, कारभार पाहिला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये संसदेतल्या पहिल्याच भाषणात मेलोनींनी फॅसिझमसह कोणत्याही लोकशाहीविरोधी राजवटीविषयी आपल्याला कधी आपुलकी वाटली नाही असे सांगितले आणि १९३८ चे कायदे हा इटलीच्या इतिहासातला नीचांक ठरवला. त्याच भाषणात त्यांनी दाखला दिला तो रॉजर स्क्रुटन या ब्रिटिश परंपरावादी विचारवंताचा, फॅसिस्टांचा लाडका युलियस एव्होला याचा नव्हे. स्थलांतरितांविरुद्ध त्या निवडणुकीत कितीही गरजल्या, तरी त्यांच्याच सरकारने २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी परदेशी कामगारांना सुमारे ४,५२,००० परवाने मंजूर केले. युक्रेनच्या बाजूने त्या ठाम उभ्या राहिल्या. एवढे असताना तीस वर्षांपूर्वीचे पक्षकार्ड दाखवत बसायचे असेल, तर डिसेंबर १९३१ मध्ये रोममध्ये मुसोलिनीला भेटलेल्या गांधीजींचे आपण काय करणार?

उत्तरेश्वरकर

गांधीजींचे उदाहरण आपल्याच अंगावर येते, साहेब. त्याच वर्षी मार्चमध्ये हिंदुमहासभेचे आपले डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजेही मुसोलिनीला भेटले. मुलांना लष्करी शिस्त लावणारी तिथली ‘बालिल्ला’ संघटना त्यांनी पाहिली, दैनंदिनीत तिचे कौतुक लिहिले आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी केली. गांधीजी भेटून आले, मुंजे काहीतरी घेऊन आले. नाते तपासायचे ते इथे.

मेलोनींनी काय घेतले, हे विचारायचे तर स्क्रुटनपाशी थांबून चालणार नाही. रेनो कामू या फ्रेंच लेखकाने २०११ मध्ये मांडलेली, युरोपातले मूळ लोक हटवून बाहेरचे वसवले जात आहेत ही कल्पना, ‘वांशिक बदल’ या नावाने त्यांच्या जुन्या प्रचारात वारंवार येते. २०२३ मध्ये त्यांचे कृषिमंत्री लोलोब्रिजिदा यांनीही तेच शब्द वापरले. साडेचार लाख परवाने देणारे सरकार आणि हे शब्द एकाच छपराखाली नांदतात, यात मला सौम्यपणा दिसत नाही. कारखान्यांना मजूर हवेत आणि सभेला भीती हवी, एवढाच हिशेब दिसतो.

वळीवडेकर

उजव्यांचाच पंचनामा का? १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवड्याच्या छावणीत राहिलेले सुमारे ५,००० पोलिश लोक मुसोलिनीने हाकललेले नव्हते. त्यांच्यातल्या बहुतेकांना स्टालिनने सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकले होते. कम्युनिस्ट वारसा सांगणाऱ्या पक्षांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मंगळवारपेठकर

अवश्य विचारावा, वेगळा धागा काढा, मी येतो. मात्र १९३९ मध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले, त्यातला एक हिटलरने घेतला, हेही त्याच इतिहासात आहे.

शाहूपुरीकर, आपल्याला एकच विचारतो. मेलोनींच्याच परंपरेतले नेते जानफ्रांको फिनी २००३ मध्ये इस्रायलला गेले आणि त्यांनी वंशभेदी कायद्यांचा स्पष्ट धिक्कार केला. मेलोनी कायद्यांचा निषेध करतात, पण त्या काळात वंशद्वेषाची लेखणी चालवणाऱ्या अल्मिरान्तेंचा नाही, आणि ज्योतही ठेवतात. असे का?

शाहूपुरीकर

कारण फिनींचे पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले. २०१३ च्या निवडणुकीत फिनींच्या पक्षाला कनिष्ठ सभागृहात एकही जागा मिळाली नाही. जुना मतदार सोबत ठेवून त्याला हळूहळू मध्यावर आणणे हे राजकारणच आहे, श्रद्धा नव्हे.

मंगळवारपेठकर

म्हणजे ज्योत काढली तर मते जातात, हे आपल्यालाही मान्य आहे. त्या मतदाराला ती कशासाठी हवी आहे, एवढेच आता सांगा.