पिकअपची चेसी वेल्डिंगच्या बाजूनंच परत तडकली, फटीग न होणारं स्टील भेटते का?

कापूसगाडी_घाटंजी:
नमस्कार मंडळी. दीड टनी पिकअप हाय, सीझनमध्ये कापूस जिनिंगले, मंग तूर-चना मार्केटले, जूनमध्ये खताच्या बॅगा, गाडी रिकामी उभी राहतच नाई. मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) हँगर जिथं बसते त्याच्या थोडं पुढं चेसीच्या चॅनलले (इंग्रजी सी सारख्या लांब लोखंडाले) तडा गेला होता, गेल्या साली वेल्डिंग मारून घेतली, आता त्या वेल्डिंगच्या कडेनंच परत फाटली, म्हणजे वेल्डिंग जशीच्या तशी अन् बाजूचं लोखंड गेलं. मिस्त्री म्हणून राह्यला की कंपनीवाले आजकाल पातळ पत्रा लावतात, ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा वरून वेल्ड करून टाकू, पाट्याचं स्टील हलत नाई. दुसरा एक जण म्हणते नागपूरहून फटीग रेझिस्टंट स्टीलची प्लेट आणा, म्हणजे परत परतच्या ताणानं थकून न तडकणारं. असं काही स्टील खरंच असते का? अन् पाटा मारू का नको? वेचणी तोंडावर हाय, लवकर सांगा बाप्पा.

वऱ्हाडी_ड्रायव्हर:
भाऊ पह्यले यू-बोल्ट तपासा, पाटा अ‍ॅक्सलले आवळून धरतात ते. ते ढिले राह्यले की मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून जाते. अन् चेसीले पाटा मारू नका, आमच्या गावात एकानं मारला होता, जिथं पाटा संपला बरोब्बर तिथूनच चेसी गेली. कारण मले विचारू नका, जाणकार सांगतील.

बुटीबोरी_मेटलर्जी:
कारण मी सांगतो, फोर्जिंग-हीट ट्रीटमेंटच्या लाइनमध्ये आहे. पाट्याच्या स्टीलमध्ये, म्हणजे एन ४५ म्हणा की क्रोम-व्हॅनेडियमवालं म्हणा, कार्बन अर्धा टक्का किंवा त्याच्या वर असतो, ते तेलात विझवून मग टेम्पर केलेलं, म्हणजे परत थोडं तापवून चिवट केलेलं असतं. त्यावर वेल्डिंगची आर्क मारली की वेल्डला लागून असलेली जागा लाल होते आणि शेजारचं थंड लोखंड तिची उष्णता झटक्यात ओढून घेतं, झालं, ती जागा काचेसारखी ठिसूळ. बऱ्याचदा गार होता होताच बारीक चिरा पडतात, दिसतही नाहीत. शिवाय जाड कडक तुकडा संपतो तिथं चेसीवर सगळा ताण एकदम गोळा होतो, वरच्या भाऊंनी पाहिलं ते हेच.

चेसीचं स्टील वेगळं, कार्बन कमी, ०.१ टक्क्याच्या आसपास, त्यात निओबियम-टायटॅनियम टक्क्याचे काही शतांश, तेवढ्यानंच दाणा बारीक होतो आणि यील्ड, म्हणजे लोखंड कायमचं वाकायला लागतं तो ताण, ३५०-५०० मेगापास्कलपर्यंत जाते. म्हणून पत्रा पातळ ठेवता येतो. मिस्त्री पातळ म्हणतो ते बरोबर आहे, कमजोर म्हणतो ते नाही.

आता फटीग. ताकदीच्या कितीतरी खालचा ताण, पण लाखो वेळा, आणि एक दिवस तुकडा. रेल्वेवाल्यांना हे आधी कळलं, १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटून मोठा अपघात झाला, पुढे जर्मनीत वोलर नावाच्या इंजिनिअरनं अ‍ॅक्सलचे नमुने फिरवून फिरवून तोडले आणि किती ताणाला किती फेरे टिकतं त्याचा हिशेब मांडला. गुळगुळीत पॉलिश केलेल्या नमुन्यावर भारी, म्हणजे जास्त ताकदीच्या स्टीलचा फायदा दिसतो, फटीगची मर्यादा (ज्याच्या खाली कितीही फेरे झाले तरी तुटत नाही तो ताण) साधारण ताकदीच्या निम्मी येते, बऱ्याच वरच्या ताकदीपर्यंत. पण वेल्ड मारली की हा फायदा जवळपास गेलाच समजा. वेल्ड पत्र्याला मिळते त्या कडेला मुळातच खाच आणि सूक्ष्म चिरा असतात, त्यामुळे तडा सुरू व्हायला वेळ लागत नाही, तो सरळ वाढायलाच लागतो, आणि वाढायचा वेग साध्या नि भारी स्टीलमध्ये थोडाफार सारखाच. म्हणून वेल्डेड जोडाच्या फटीगच्या कोडमध्ये (डिझाइनच्या नियमावलीत) सहसा स्टीलची ग्रेड बघत नाहीत, जोड कसा आहे ते बघतात. आणि ताण दीडपट झाला की आयुष्य तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतं, दुप्पट झाला तर आठवा हिस्सा. दीड टनाच्या गाडीत काय काय भरतात ते आपल्याला माहीतच आहे 😄

तडा नेमका कुठून निघाला ते पाहून सांगा. तिथं काही वेल्ड केलेलं आहे का?

कापूसगाडी_घाटंजी:
आत्ता खाली घुसून पाह्यलं. कापसासाठी उंच जाळी बसवून घेतली होती, बॉडीवाल्यानं तिच्या खांबाचा अँगल चेसीच्या वरच्या पट्टीले आडवा वेल्ड केला हाय, तडा त्याच्याच टोकातून निघाला. तोंड उघडलं तिथं कोपऱ्याकून गुळगुळीत अन् जंगलेलं, पुढं दाणेदार चमकते.

बुटीबोरी_मेटलर्जी:
मग झालं निदान. गुळगुळीत जंगलेला भाग म्हणजे तडा कित्येक महिने हळूहळू चालत होता, दाणेदार भाग अलीकडे एकदम फाटला. चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर ताण सगळ्यात जास्त, मधल्या उभ्या भागाच्या मध्यावर सगळ्यात कमी, म्हणून गाडी बनवणारे बॉडीवाल्यांना पट्टीवर वेल्ड नको, भोक नको असं सांगतात. कोण ऐकतं. खताच्या बॅगांनंतर चेसी धुवा, जंगाचा खड्डाही खाचेचंच काम करतो.

शंकासुर:
म्हणजे फटीग रेझिस्टंट स्टील नुसती जाहिरात?

बुटीबोरी_मेटलर्जी:
अजिबात नाही, वेल्ड नसते तिथं त्याचा पुरता फायदा मिळतो. पाटेच घ्या, लोड पडला की पाट्याच्या वरच्या अंगाला ओढ बसते, म्हणून चांगल्या कारखान्यात त्या अंगावर बारीक पोलादी छर्रे मारतात, शॉट पीनिंग, त्यानं वरचा थर दाबात राहतो आणि तडा सुरूच होत नाही. सोबत स्टील आतून स्वच्छ लागतं, घाण अडकलेली नको. एवढी मेहनत केलेल्या पाट्यावर आपले लोक गॅसनं तापवून कमान चढवतात तेव्हा काय वाटतं विचारू नका.

वणीचा_वेल्डर:
कोळशाच्या टिपरच्या चेश्या रोज असतात आपल्याकडं, म्हणून सांगतो. डाला (मागची माल भरायची बॉडी) उतरवा, बॅटरीच्या वायरी काढा. केरोसीन लावून पुसा अन् खडू घासा, तडा कुठवर गेला ते खडूवर उमटते, त्याच्या थोडं पुढं भोक मारा. मंग तडा घासून पूर्ण व्ही आकाराची खाच करून ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडनं भरा, रॉड भट्टीत सुकवलेला पाहिजे, पावसाळ्यात उघड्यावर पडलेला नको. वरची वेल्ड ग्राइंडरनं पत्र्याच्या लेव्हलले आणा, चकाचक, घासायच्या रेघा चेसीच्या लांबीनं, आडव्या नाई. जोडपट्टी उभ्या भागाले आतून लावा, चेसीच्याच जातीचं अन् जाडीचं लोखंड, टोकं तिरपी कापून, शक्यतो बोल्टनं. जाळीचा अँगल कापून फेका, खांब डाल्याच्या क्रॉसलेच बसवा.

कापूसगाडी_घाटंजी:
लय उपकार दादा. मिस्त्रीकडं ६०१३ च पडलेले असतात, चालतात का?

वणीचा_वेल्डर:
जाळीले चालतात. चेसीले ७०१८ च, यवतमाळहून आणा, अन् पाकीट फुटलेलं घेऊ नका.