चिकित्सा, चिकित्सक आणि क्रिटिकल थिंकिंग

मूळ प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. 'क्रिटिकल थिंकिंग'ला मराठीत काय म्हणावं? मुली बहुतेक मराठी माध्यमातल्या. वॉर्डात 'पेशंट क्रिटिकल आहे' म्हणजे अत्यवस्थ, तोच अर्थ कानात बसलेला. 'टीकात्मक विचार' म्हटलं की दुसऱ्याच्या चुका काढायच्या असं त्यांना वाटतं.

परवा एकीने पल्स ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) ८४, म्हणजे धोक्याइतका कमी आकडा पाहिला आणि तसंच चार्टवर उतरवलं. आजी मात्र उशीला टेकून नातवाशी निवांत गप्पा मारत होत्या. हात गारठलेला, नखांवर गडद नेलपॉलिश. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मशीनने दाखवलं तेच लिहिलं." हात चोळून ऊब आणली, नेलपॉलिश पुसलं, तर ९७. तिने जे करायला हवं होतं, त्याला शब्द हवाय.

प्रतिसाद : 'चिकित्सक विचार' म्हणा, बिनदिक्कत. 'चिकित्सा' या शब्दाचं मूळ संस्कृत 'कित्' धातू, त्याला 'सन्' प्रत्यय (पाणिनीच्या व्याकरणातलं सूत्र ३.१.५), व्याधीचा प्रतिकार हा त्याचा एक अर्थ. त्याच धातूचं 'विचिकित्सा' म्हणजे शंका. कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो, 'येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये', म्हणजे माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल जी ही शंका असते. उपचार आणि शंका एकाच मुळातून आल्यात, तुमच्या मुलींना हे जरूर सांगा. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर. मराठीत मात्र पारखून घेणारा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची काढली ती 'चिकित्सक आवृत्ती'च. अडचण एकच, बोलण्यात 'फार चिकित्सक आहे बाई' याला चोखंदळपणाचा वास येतो.

दुसरा प्रतिसाद : मी वॉर्डात काम करते. पाठ्यपुस्तकाला 'चिकित्सक' ठीक, पण खाटेजवळ क्रियापद लागतं. 'आकड्याची शहानिशा केलीस का?' हे मुलीला लगेच कळतं. आणि शहानिशा फक्त वाईट आकड्याची नको. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की काळ्या वर्णाच्या रुग्णांत ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो. पेशंटला धाप लागलीय आणि मशीन ९४ म्हणतंय, तर माणसावर विश्वास ठेवून डॉक्टरांना बोलवायचं. खरी अडचण शब्दाची नाहीच. लहानपणापासून 'उलट प्रश्न विचारू नये' ऐकलेल्या मुलीला सिस्टरांसमोर शंका काढणं उद्धटपणा वाटतो.

मूळ लेखिका : हे अगदी खरं. ती मुलगी आळशी नाही, घाबरलेली होती. वर्गात 'चिकित्सक विचार' शिकवेन, विचिकित्सेसकट. वॉर्डच्या वहीत मात्र सोमवारपासून आकड्याशेजारी एक रकाना आखतेय : 'शहानिशा कशी केली?' आणि पहिली शंका त्यांनी माझ्याच नोंदीवर काढायची, असं सांगणार आहे.