बोअरच्या पाण्यातलं लोह जमिनीतच अडवता येतं का? (खानापूर, बजेट १५ हजार)

लालमाती: बोअरचं पाणी काढताना स्वच्छ असतं, तासाभरात पिवळं होतं, सकाळी बादलीच्या बुडाला तांबडा गाळ. तपासणीत लोह लिटरला ३ मिलिग्रॅम निघालं. हवा मिसळलेलं पाणी बोअरमध्ये परत सोडलं की लोह खालीच बसतं म्हणे. कुणी केलंय का?

वडगावकर: आरओ घ्या की ओ. आमचा २२ हजारांचा आहे, पाणी एकदम गोड.

शहापूरचा_काका: आरओचं मेंब्रेन (आतला गाळणीचा पडदा) लोहानं चोंदतं. आम्ही वर्षात दोनदा बदललं. वर विक्रेता म्हणतो, पाणीच खराब!

निपाणीवाला: ३८ हजारांचा मँगनीज डायऑक्साइडचा फिल्टर बसवा. बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं, तेवढं विसरू नका.

लालमाती: बजेट १५ आहे ओ दादा.

निपाणीवाला: स्वस्तातलं दोनदा घ्यावं लागतं.

हिंडलगा_७: खानापुरात पाणी तांबडंच असणार. चहा काळा होतो, एवढंच. केसिंग (बोअरमध्ये बसवलेला पाईप) लोखंडी आहे का? गंजली असेल.

भूजलवाला: पीव्हीसी असेल तर तो प्रश्न मिटला. पद्धत खरी आहे. फिनलंडमध्ये व्हायरेडॉक्स नावानं निघाली, नेदरलँड्समध्येही वापरतात. विरघळलेलं फेरस लोह वाळूच्या कणांना चिकटतं, हवेतल्या ऑक्सिजननं त्याचं न विरघळणारं फेरिक होतं. तो थर पुढचं लोह धरतो, म्हणून फेऱ्या वाढतील तसं काम सुधारतं आणि सोडलेल्या पाण्याच्या कित्येक पट चांगलं पाणी मिळतं. पण त्याला वाळूचा थर लागतो. तुमची बोअर कातळात असेल तर सोडलेलं पाणी भेगांतून कुठं जाईल नेम नाही. त्यापेक्षा जमिनीवरच पाणी शॉवरमधून टाकीत पाडून हवा द्या, गाळ बसू द्या, मग वाळूचा फिल्टर. १५ हजारांत बसेल.

शहापूरचा_काका: हेच मी सांगणार होतो.

वडगावकर: आरओ पण बघा एकदा.

लालमाती: पीव्हीसीच आहे, बोअर कातळात. तरी परत सोडून बघणार. जुनी टाकी आहे, पाईप आहे, खर्च फक्त शॉवरचा. नाही जमलं तर वाळू आहेच.

भूजलवाला: बरं. पण टाकीतलं वरचंच पाणी सोडा. तळाचा गाळ गेला तर भेगा बुजतील, आणि पाणी देणारी बोअरही हातची जाईल.

निपाणीवाला: मग ३८ हजार कमी वाटतील.