एका डोळ्याने अंधुक: एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्यातल्या नसांचा आजार) समजायचं का?

प्रश्न (सांगली): बहीण, वय २८. आठवडाभर उजव्या डोळ्याने अंधुक, डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग विटका दिसतो. फक्त मेंदूचा एमआरआय सांगितलाय. पुरे होईल?

उत्तर १: ऑप्टिक न्यूरायटिसची (डोळ्याच्या नसेला सूज) लक्षणं आहेत, पण म्हणजे एमएसच असं नाही. डोळ्यांच्या नसा आणि मणकाही बघायला सांगा, कॉन्ट्रास्टसह. रक्तात एक्यूपी४, एमओजी अँटीबॉडी तपासा, एमएससारखे दिसणारे दुसरे आजार त्यातून कळतात. प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) ठरलं तर नमुना आधी काढायचा. एनएमओला (डोळ्याच्या नसा आणि मणक्याचा वेगळा आजार) एमएस धरून इंटरफेरॉन हे एमएसचं औषध दिलं तर आजार बळावतो, म्हणून एवढा आटापिटा.

उत्तर २: सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १ ग्रॅम रोज शिरेतून, ३ ते ५ दिवस. आधी साखर, बीपी, लघवी तपासा. कमी डोसच्या गोळ्यांवर भागवू नका, दुखणं उलटतं.

उत्तर ३: पुढे मिरजेच्या उन्हात उष्णतेने तासभर अंधुक झालं तर लगेच घाबरू नका. तापाशिवाय २४ तास टिकलं तर मात्र न्यूरॉलॉजिस्ट गाठा.