मदत हवी आहे: अक्षरांचा गढीचा नकाशा, भिंत सरळ राहत नाही

पांढरी_माती:
राजेहो, टेबलटॉप रोलप्लेइंगसाठी (टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा खेळ) जुन्या टर्मिनलवर दिसायचा तसा अक्षरांचा नकाशा करून राहिलो. जागा आपल्याकडच्या पडक्या गढीसारखी: मधात चौक, चौकात विहीर, दोन्ही अंगाला खोल्या, कोठारातून खाली पेवात उतरायचा जिना आणि एक चोरदरवाजा. वर्डमध्ये काढतो, पण जमून नाही राहिलं.

मधात एक चिन्ह टाकलं की उजवीकडची भिंत पुढे सरकते. तीन आडव्या रेघा मारून एंटर दाबलं की पानभर लाइनच येते. गोल बुरूज अंड्यासारखा उभा दिसतो. खोलीत 'कोठार' लिहिलं की त्या ओळीची वाट लागते. आणि दारव्ह्याला झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली तर इंचाचा चौकोन इंचाचा निघत नाही. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं आहेत, ती चौकोनात बसली पाहिजेत. लॅपटॉप विंडोजचा, नेट फोनचंच. काय करू?

रकाना_८०:
भाऊ, वर्ड छपाईपुरतं ठेवा. नकाशा नोटपॅड प्लस प्लसमध्ये काढा. फुकट आहे, काही एमबीचंच आहे, एकदा उतरवलं की नेट लागत नाही.

आधी नकाशाच्या पूर्ण रुंदीएवढी टिंबांची एक ओळ करा आणि हव्या तितक्या ओळी कॉपी करून रिकामं मैदान तयार ठेवा. मग कीबोर्डवरचं इन्सर्ट बटण एकदा दाबा. आता नवीन चिन्ह जुन्याच्या जागी बसतं, पुढचं ढकलत नाही. तुमची भिंत सरकते त्याचं कारण एवढंच. उभी भिंत घालायची तर ऑल्ट दाबून माउस खाली ओढा, सगळ्या ओळींत एकाच रकान्यात टाइप होतं. टॅब मात्र कुठेच नको. तुमच्याकडे तो चार जागांचा दिसेल, दुसऱ्याच्या मशीनवर आठचा.

बुरूज अंडाकृती होतो कारण अक्षर रुंदीला कमी, उंचीला जास्त. कुरिअर न्यू फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी फाँटच्या आकाराच्या ०.६ पट असते. म्हणून एका चौकोनाला शेजारी शेजारी दोन अक्षरं द्या, म्हणजे रुंदी १.२ पट झाली. ओळीची उंचीही १.२ पट केली की चौकोन खरोखर चौकोन होतो. १० पॉइंटच्या फाँटला १२ पॉइंटची ओळ, म्हणजे इंचात (७२ पॉइंटांत) सहा चौकोन. तुमची गढी अशी:

```
##############################
##. . . ##. . . . . ##. . . ##
##. . . ++. . ~~. . ++. . . ##
##. > . ##. . . . . ##. ^ . ##
####%%####. . . . . ##########
##. . . ##. . . . . ##. . . ##
##. . . ##. . . . . ++. . . ##
##############++##############
```

# भिंत, . मोकळी जमीन, + दार, ~ विहीर, > खाली जिना, ^ सापळा, % चोरदरवाजा. खालचं मधातलं दार म्हणजे देवडी. एक चौकोन पाच फुटांचा धरला तर गढी ७५ बाय ४० फूट होते आणि भिंत पाच फूट जाड. पांढऱ्या मातीच्या गढीला ती शोभते. साध्या घराला हीच पद्धत वापरली तर घर निम्मं भिंतीतच जाईल.

गोल बुरूज सात चौकोन व्यासाचा घ्या. ओळीओळीने ३, ५, ७, ७, ७, ५, ३ चौकोन, प्रत्येक ओळ मधोमध. लहान हवा असेल तर ३, ५, ५, ५, ३. याहून लहान गोल काढू नका, तो चौकोनच दिसतो.

मराठी अक्षर नकाशाच्या आत चालणार नाही. कुरिअर न्यूमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे विंडोज दुसऱ्या फाँटातून अक्षर उसनं आणतं आणि त्याची रुंदी वेगळी. देवनागरी आकड्याचंही तेच. आत फक्त चिन्हं ठेवा, 'कोठार', 'ओसरी' हे सगळं खाली सूचीत मराठीत लिहा. तिथे रकाने जुळवायचेच नसतात.

बोळातला_दिवा:
वरचं बरोबर आहे, पण # ला भिंत म्हणणं मला खटकतं. १९८० च्या 'रोग' (Rogue) या कॉम्प्युटरवरच्या खेळात # म्हणजे बोळ होता, खोलीच्या भिंती - आणि | ने काढलेल्या असायच्या. असे खेळ खेळलेला कोणी तुमच्या टेबलावर असेल तर तो भिंतीतून चालायला लागेल! जुना बाज हवा असेल तर सरळ जोडणाऱ्या दुहेरी रेघा वापरा. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) त्या होत्या, आज युनिकोडमध्येही आहेत.

रकाना_८०:
दुहेरी रेघा स्क्रीनवर देखण्या दिसतात, कबूल. पण ओळीची उंची १.२ पट केली की उभ्या रेघेत दर ओळीला फट पडते, कारण ते चिन्ह फाँटच्या मूळ उंचीपुरतंच असतं. फट घालवायला ओळ जवळ घ्या, तर चौकोन बिघडतो. बटणं ठेवून खेळायचं आहे, म्हणून # च बरा. ठिपक्यांच्या छटेचं चिन्हही टाळा, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर त्याचा काळा डाग होतो आणि अंगणात एका बल्बखाली काही कळत नाही.

# चा खरा फायदा वेगळाच आहे. भिंत आडवी असो की उभी, चिन्ह एकच. डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) फाइल तयार झाली की तिची कॉपी करा, 'फाइंड-रिप्लेस'मध्ये % च्या जागी # आणि ^ च्या जागी टिंब टाका. चोरदरवाजा भिंत झाला, सापळा जमीन झाला, खेळाडूंची प्रत तयार. - आणि | च्या भिंतीत हे हाताने करावं लागतं, आणि चुकून आडव्या भिंतीत एक उभी रेघ राहिली की खेळाडू नेमकं तिथेच भोक पाडतात. सूची मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, नाहीतर 'फाइंड-रिप्लेस' तिच्यातलीही चिन्हं बदलतं.

पांढरी_माती:
चोरदरवाजाची ट्रिक लय भारी. आता इंचाचं सांगा ना. आणि गावातल्या कृषी केंद्रात बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, त्याच्यावर निघेल काय? तो आवाज आणि तो कागद, खेळाला मजा येईल.

रकाना_८०:
इंचाचा हिशोब सोपा आहे. ६० पॉइंटचं कुरिअर न्यू, दोन अक्षरं मिळून ७२ पॉइंट, म्हणजे एक इंच. वर्डमध्ये नकाशा पेस्ट करा (पेस्ट केलेल्या मजकुराला तो आपोआप रेघा मारत नाही), ओळीचं अंतर 'एक्झॅक्टली' ७२ पॉइंट, परिच्छेदाच्या आधी-नंतरची जागा शून्य. पान १७ बाय १० इंचाचं, समास अर्धा इंच. नकाशा १५ बाय ८ इंच होतो, पण पान अगदी तेवढंच नेमकं ठेवलं तर शेवटचा # खालच्या ओळीत पडतो. थोडी ढील पाहिजेच.

मग पीडीएफ करा आणि झेरॉक्सवाल्याला तीच द्या. टेक्स्ट फाइल दिली तर त्याच्या मशीनवर ती दुसऱ्याच फाँटात उघडेल. अ‍ॅडोबी रीडरमध्ये 'पोस्टर' निवडून टाइल स्केल १०० टक्के ठेवायला सांगा. आडव्या ए४ चे चार कागद निघतील. तुमचा इंच आटत होता तो 'फिट'मुळे, त्याने पूर्ण नकाशा एका कागदात दाबला. पैसे द्यायच्या आधी एका चौकोनावर पट्टी ठेवून बघा.

लाल_रिबन:
डॉट मॅट्रिक्सचं मी सांगतो दादा. नेहमीच्या ड्रायव्हरने नोटपॅडमधून छापलं तर कॉम्प्युटर नकाशाचं चित्र करून पाठवतो, प्रिंटर हळू चालतो आणि जुना ठसा येत नाही. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर निवडा, म्हणजे प्रिंटर स्वतःचीच अक्षरं मारतो. केंद्रवाल्याचा बिलाचा ड्रायव्हर काढू नका, हा दुसऱ्या नावाने शेजारी टाका, नाहीतर सकाळी बिलं अडतील.

प्रिंटरचं बटण दाबून इंचाला १२ अक्षरं करा. ओळी इंचाला ६ असतातच. दोन अक्षरं म्हणजे इंचाचा सहावा भाग आणि ओळही तेवढीच, चौकोन आपोआप जुळतो. इंचाला १० वर ठेवलं तर चौकोन रुंदीला फुगतो आणि बुरूज आडवा पडतो. मोठ्या बटणांसाठी हा उपयोगाचा नाही, पण खेळाडूंच्या हातात द्यायच्या प्रतीला मस्त. आठ इंचात ४८ चौकोन आणि अकरा इंचाच्या कागदावर ६६ ओळी मावतात.

आणि बोळातला_दिवा यांच्या दुहेरी रेघा इथे मारायच्याच असतील तर फाइल कोडपेज ४३७ मध्ये सेव्ह करा आणि जशीच्या तशी थेट प्रिंटरला पाठवा. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) अशी एक रेघ तीन बाइटची असते, ती फाइल तशीच थेट पाठवली तर प्रिंटर रेघेच्या जागी तीन भलतीच अक्षरं छापतो. फाइल बरोबर असूनही भिंतीच्या जागी तिरकी अक्षरं आली, तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कॅरॅक्टर टेबल 'इटालिक'वर आहे. ते पीसी ४३७ वर घ्या.